असल उत्तर, ११ सप्टेंबर १९६५ : उसात सोडून दिलेला पॅटन (१/३५ डायोरामा)

चिखलरंग

नमस्कार मंडळी,

रणांगणाचे डायोरामे (लहान मापातले मांडलेले देखावे) आपण पुष्कळ बघतो, पण त्यात लढाई बहुधा ऐन भरात असते. तोफ उडतेय, जवान धावतायत, धूर म्हणून कापूस लावलाय. मला लढाई सरल्यावरचं रण करायचंय. शेत आहे, पाणी आहे, रणगाडा आहे, माणूस कुठेच नाही. जागा पक्की आहे : पंजाबात खेमकरणजवळचं असल उत्तर.

ज्यांना संदर्भ हवा त्यांच्यासाठी थोडक्यात. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानच्या १ आर्मर्ड डिव्हिजनचे एम-४७ आणि एम-४८ पॅटन रणगाडे खेमकरण घेऊन भिखीविंडच्या दिशेनं निघाले. बियास नदीचा पूल आणि अमृतसरमागचा जीटी रोड हे लक्ष्य होतं. मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांच्या ४ माउंटन डिव्हिजननं मागे सरून असल उत्तरभोवती घोड्याच्या नालासारखी फळी धरली. कालवे-नाले फोडून शेतांत पाणी सोडलं. उंच उसात ३ कॅव्हलरी आणि डेक्कन हॉर्स या भारतीय रणगाडा रेजिमेंटचे अनुक्रमे सेंच्युरियन आणि शर्मन रणगाडे दबा धरून बसले. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पॅटन त्या सापळ्यात आले, ओल्या जमिनीत रुतले आणि बाजूनं मार खात गेले. ९७ हा पाकिस्तानी रणगाड्यांचा आकडा सगळीकडे दिला जातो. त्यातले कितीतरी फुटलेले नव्हतेच, नुसते सोडून दिलेले होते. मला त्यातलाच एक करायचाय.

आता मुद्द्याचं. असं काम हाती घेताना किट कुठलं, रंग कुठला, चिखल कशाचा, हे आपण आधी विचारतो. माझ्या मते आधी तारीख ठरली पाहिजे, जमलं तर वेळसुद्धा. सोडलेलं रण थांबलेलं नसतं. पहिल्या सकाळी चिखल ओला असतो आणि खुणा धारदार असतात. आठवड्यानं कडा ढासळतात, पाणी उतरतं, तडे पडतात. महिन्यानं गाडा ओढून नेलेला असतो, उरतात ते चर. आपण मात्र या तिन्ही अवस्था एकाच पाटावर (डायोराम्याच्या तळफळीवर) मांडतो. चिखल ताजा, ट्रॅकवर (चाकांवरच्या साखळीपट्ट्यावर) वर्षभराचा गंज, हॅचमधून (वरच्या झाकणाच्या तोंडातून) वर आलेलं गवत. काम कितीही सफाईदार असलं तरी मग त्यावर विश्वास बसत नाही.

म्हणून मी ११ सप्टेंबरची सकाळ धरली आहे. मोठा हल्ला आदल्या दिवशी मोडलेला, गाडा रात्री सोडलेला. त्यातून पुढचं आपोआप ठरतं. गंज नाही. पाणी आहे, आणि ते गढूळ आहे. हॅच उघडे. ऊस चिरडलेला, पण हिरवा.

पाट ४० बाय ३० सेंमी. गाडा एकच. दोन ठेवायचा मोह होतो, पण १/३५ ला, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या मापात, ४० सेंमी म्हणजे जमिनीवर १४ मीटर. दोन रणगाड्यांत ५० मीटर अंतर धरलं तर पाटावर जवळजवळ दीड मीटर लागतो. एवढ्याशा जागेत दोन गाडे म्हणजे वाहनतळ.

संदर्भाबद्दल एक सावधगिरी. भिखीविंडला हे रणगाडे ओढून आणून रांगेत उभे केले होते, त्या जागेला ‘पॅटन नगर’ नाव पडलं. नेटवर दिसणारे बरेच फोटो तिथले आहेत. रणगाड्याच्या तपशिलासाठी ते उत्तम, पण रणाचं चित्र म्हणून ते बघू नका. तिथे गाडा कोरड्या जमिनीवर आहे, सामान काढून घेतलेलं आहे, आणि तो आपल्या पायानं तिथे आलेला नाही.

सूचना हव्या आहेत, विशेषतः ऊस आणि पाण्याबद्दल.

पुठ्ठा_कात्री

विषय फार आवडला. एम-४७ की एम-४८? आणि १/७२ का नाही? त्यात निदान तीन गाडे मावतील आणि सापळ्याचा आकार दिसेल.

चिखलरंग

@पुठ्ठा_कात्री, सापळा दाखवायचा असता तर १/७२ च घेतलं असतं. १/३५ मध्ये बुटाचा ठसा साधारण साडेआठ मिमी येतो, तो डोळ्यांना दिसतो आणि हातांना करता येतो. १/७२ ला तो चार मिमी. माणूस न दाखवता माणूस सांगायचा असेल तर ठसे दिसलेच पाहिजेत.

गाडा एम-४७ घेतोय. तोफ पुढे धरून लांबी ८.५१ मीटर, म्हणजे पाटावर २४३ मिमी. रुंदी ३.५१ मीटर, म्हणजे बरोबर १० सेंमी. निमुळता, मागे लांब गेलेला टरेट (तोफेचा फिरता घुमट) आणि पुढच्या बाजूला हलमधली (खालच्या धडातली) मशीनगन, यावरून तो लगेच ओळखू येतो. त्या मशीनगनसाठी पाचवा माणूस लागायचा. एम-४८ मध्ये ती गेली आणि चार माणसं राहिली.

एम-४८ करणाऱ्यांनी एक बघा. सहज मिळणारं किट एम-४८ए३ चं असतं. ते डिझेलवरचं, व्हिएतनामच्या काळातलं. १९६५ चे पाकिस्तानी पॅटन पेट्रोलवरचे. ए३ चा मागचा डेक (इंजिनावरचं छत) आणि धूर बाहेर पडण्याची जागा वेगळी आहे. नुसती निशाणी बदलून तो खेमकरणचा होत नाही.

फडावरची

उसाबद्दल विचारलंत म्हणून लिहिते. माझं सगळं बालपण उसाच्या फडात गेलंय, आणि मॉडेलमधला ऊस बघून दरवेळी जीव कळवळतो. बांबू नाहीतर मका लावून लोक मोकळे होतात.

सप्टेंबरचा ऊस म्हणजे तोडणीला अजून दोन-तीन महिने असलेला ऊस. अडीच मीटर उंची धरा, तुमच्या मापात ७१ मिमी. एम-४७ ची उंची ३.३५ मीटर, म्हणजे ९६ मिमी. म्हणजे ऊस टरेटच्या मध्यापर्यंत येतो, आणि वर फक्त टरेटचा माथा आणि कमांडरची झाकणं दिसतात. गाड्यातल्या माणसांना पुढे काही दिसत नव्हतं ते याचमुळे. पाटावर हे दिसलंच पाहिजे. गुडघाभर ऊस लावलात तर लढाईचं कारणच गेलं.

तुरा लावू नका. तुरा थंडीच्या तोंडाशी येतो, सप्टेंबरात नाही.

कांडीची जाडी अडीच-तीन सेंमी, तुमच्याकडे पाऊण मिमीच्या वर थोडी. खराट्याचे हीर घ्या, जाडीला अगदी बरोबर बसतात आणि मुळातच निमुळते असतात. बुडाकडची जाड बाजू खाली. पेरांच्या जागी टोकदार ब्रशनं फिकट कडं काढा. दोन पेरांमधलं अंतर १० ते १५ सेंमी, म्हणजे तीन-चार मिमी. प्रत्येक कांडीवर काढत बसू नका, कडेच्या दोन ओळींना पुरे.

पानं पातळ कागदाची. लांबी ३० मिमी, रुंदी दीड मिमीच्या आत. लांबीत मध्ये घडी घालून पुन्हा उघडा, मधली शीर आपोआप येते. शीर पांढुरकी असते, तिथे रंग विरळ ठेवा. पान बुडाशी ताठ उभं असतं आणि टोकाला मोडल्यासारखं खाली येतं, गोल कमानीसारखं वळत नाही.

आणि पाचट! खालची पानं वाळून कांडीला चिकटून लोंबत असतात. उसाच्या बुडाशी हिरवा रंग जवळजवळ नसतोच. सगळा पिवळट-तपकिरी पाला, आणि जमिनीवर त्याचा थर. तुमच्या शेतात पाणी सोडलंय, तेव्हा हे पाचट पाण्यावर तरंगेल आणि वारा ज्या बाजूला वाहतो तिकडच्या कडेला गोळा होईल. पाण्यावर ते सारखं पसरू नका.

तारखेचा तुमचा मुद्दा उसाला तर तंतोतंत लागू होतो. आडवा केलेला ऊस मेला नसेल तर काही दिवसांत त्याचा शेंडा पुन्हा वर वळतो. बुंधा जमिनीवर आणि टोक आकाशाकडे, असा कोपर झालेला ऊस म्हणजे आठवडा उलटला. तुमची ११ ची सकाळ आहे. आदल्या दिवशी लोळलेला ऊस टोकापर्यंत सपाट पडलेला हवा. ट्रॅकखाली चिरडलेली कांडी फुटून आतला पांढरा चोथा बाहेर येतो. तो दोन दिवसांत लालसर-तपकिरी होतो, म्हणून ट्रॅकजवळचे फुटलेले तुकडे पांढरट ठेवा आणि आधीच्या दिवशीच्या खुणांतले थोडे लालसर. दोन वेगळ्या दिवसांचे चर दाखवायचे असतील तर एवढ्यावरून ते वेगळे होतील.

चिखलरंग

@फडावरची, याच्यासाठीच धागा काढला होता. शेंड्याचं मला माहीतच नव्हतं. मनापासून आभार.

हिशेब केला : दोन सऱ्यांत ८० सेंमी धरलं तर २३ मिमी. ३० सेंमीत तेरा ओळी. एका मीटरला दहा-बारा कांड्या धरल्या आणि अर्ध्या पाटावरच ऊस उभा ठेवला तरी हजाराच्या आसपास कांड्या. प्रत्येकीला पाच-सहा पानं. इतकं सगळं करणं गरजेचं आहे का?

फडावरची

नाही. दाट फडात बाहेरून दोन ओळींपलीकडे काही दिसत नाही. कडेच्या दोन ओळी आणि गाड्यानं पाडलेल्या वाटेच्या दोन्ही बाजू नीट करा. आत नुसते हीर, वरच्या टोकाला पानांचा झुपका आणि खाली गडद रंग. फक्त वरून बघितल्यावर सरी सरळ दिसली पाहिजे. ऊस ओळीत लावतात, रानासारखा उगवत नाही. ती ओळ मोडून तिरका गेलेला गाडा दिसला की शेत तुडवलं गेलंय हे लगेच कळतं.

ओव्हरहॉल

रणगाडे दुरुस्त करण्यात नोकरी गेली. रुतलेला गाडा कसा दिसतो ते सांगतो, कारण ९० टक्के डायोराम्यांत गाडा चिखलावर *ठेवलेला* असतो.

जड गाडा रुतला म्हणजे ट्रॅक खाली जात राहिला आणि शेवटी पोट टेकलं. पोट टेकलं की वजन ट्रॅकवरून निघून जातं, मग ट्रॅक नुसते फिरतात. एम-४७ चं पोट जमिनीपासून ४५ सेंमीच्या आसपास, तुमच्या मापात १३ मिमी. म्हणजे चर निदान १३ मिमी खोल पाहिजे. पाटाला एक सेंमीचा फोम घेतलात तर तळ लागेल. तीन सेंमी घ्या. ट्रॅकची रुंदी ५८ सेंमी, म्हणजे चर साडेसोळा-सतरा मिमी रुंद, आणि तोंडाशी थोडा जास्तच, कारण कडा ढासळतात.

चार गोष्टी बघा. पुढच्या खालच्या प्लेटसमोर मातीचा ढीग साचतो, गाडा तो ढकलत आलेला असतो. मागे स्प्रॉकेटखाली (ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकाखाली) पातळ चिखल फेकला जातो आणि तो लांबट थेंबांनी पडतो, गोळ्यांनी नाही. रोडव्हीलच्या (ट्रॅकवर गाडा पेलणाऱ्या चाकांच्या) मध्ये माती दाबून भरते, तिथे ती विटेसारखी गच्च असते. आणि ड्रायव्हरनं मागे घ्यायचा प्रयत्न केलेला असणारच, तेव्हा चराच्या तळाशी ट्रॅकची नक्षी दोनदा, थोडी सरकून उमटते. तो वळवायलाही गेला असेल तर बाहेरच्या बाजूला मातीची चंद्रकोर उठते. ही शेवटची खूण मला सर्वात बोलकी वाटते. त्यात त्या माणसाची धडपड दिसते.

गाडा थोडा तिरका बसवा. दोन्ही बाजूंनी सारखा रुतलेला गाडा मी पाहिलेला नाही.

गंजाबद्दल धागाकर्त्याशी पूर्ण सहमत, फक्त एक भर. न जळलेल्या गाड्याला एका रात्रीत गंज दिसत नाही. फार तर घासून उघड्या पडलेल्या कडांवर नारिंगी झाक. जळलेल्या गाड्याची गोष्ट निराळी. रंग जळून गेलेलं पोलाद दमट हवेत एका रात्रीत भगवं होतं. रोडव्हीलचं रबर जळून राख होते, ती पांढरट-करडी असते. आणि टॉर्शन बारचा (चाकांना स्प्रिंगसारख्या पेलणाऱ्या पोलादी दांड्यांचा) ताव उतरतो, मग गाडा त्या बाजूला बसतो. कोणी जळलेला पॅटन करणार असेल तर तो उंच उभा ठेवू नका.

रंगछटा

दोन गोष्टी, रंगाबद्दल आणि मातीबद्दल.

ऑलिव्ह ड्रॅब डबीतून थेट मारू नका. एवढ्या छोट्या आकारावर तो काळपट दिसतो. थोडा पिवळट-करडा मिसळून फिकट करा, मग वरच्या पृष्ठभागांवर आणखी फिकट. उन्हात धुळीतून आलेला गाडा आहे. वर कोरडी धूळ, मध्ये ओलसर गोळे, खाली ताजा चिखल असे तीन पट्टे ठेवा आणि तिन्हींची चमक वेगळी ठेवा : वर पूर्ण मॅट, मध्ये साटिन, खाली ग्लॉस. ओलेपणा रंगापेक्षा चमकेतून जास्त कळतो. सगळीकडे ग्लॉस फिरवलं की गाडा पाकात बुडवल्यासारखा दिसतो.

माती आपल्या सवयीची काळी नको. तो गाळाचा मुलूख आहे. कोरडी माती फिकट, राखाडीकडे झुकणारी पिवळसर, ओली झाली की मध्यम तपकिरी. काळ्या रानातल्यासारख्या रुंद भेगाही तिथे नकोत.

खरी माती वापरायची तर कापडातून चाळा आणि तव्यावर भाजून घ्या, नाहीतर गोंदाच्या ओलीनं बुरशी येते. कापडातूनच चाळायची, कारण अर्ध्या मिमीचा कण १/३५ ला पावणेदोन सेंमीचा खडा होतो. नदीच्या गाळात तसले खडे नसतात. माती, थोडं प्लास्टर, पिगमेंट आणि फेविकॉल पाण्यात. प्लास्टर जास्त झालं तर कडा ठिसूळ होतात आणि ट्रॅकची नक्षी उमटत नाही.

पुठ्ठा_कात्री

पाणी कशानं? रेझिन ओतायची हिंमत होत नाही.

काचपाणी

इपॉक्सी ओता, पॉलिस्टर रेझिन नको. पॉलिस्टर फोमही खातं आणि किटचं प्लास्टिकही. तसंच फोमवर स्प्रेचा डबा थेट मारू नका, त्यातल्या सॉल्व्हंटनं फोम वितळतो. आधी फेविकॉल-प्लास्टरचा थर देऊन तो झाकून टाका.

हे गढूळ पाणी आहे, म्हणजे अर्धं काम सोपं. तळ दिसायचा नाही, तेव्हा खोली रंगानं दाखवायची आणि रेझिन तीन-चार मिमीच ओतायचं. पहिल्या थरात मातकट ॲक्रिलिकचे काही थेंब घालून अपारदर्शक करा, वरचा एक मिमीचा थर जवळजवळ स्वच्छ ठेवा. दोन थरांत, पहिला पूर्ण सुकल्यावर दुसरा. जाड थर एकदम ओतला की तो तापतो, आणि कधी पिवळा पडतो, कधी तडकतो.

ओतण्याआधी मातीवर दोन हात व्हार्निश मारा. प्लास्टर सच्छिद्र असतं, त्यातली हवा रेझिनमध्ये बुडबुडे करते. कडेला प्लास्टिकची पट्टी लावून फट राहत नाही ना ते आधी नुसतं पाणी ओतून बघा, मग पाट पूर्ण वाळवा. ओल राहिली तर रेझिन दुधाळ होतं.

तुमच्या उसामुळे एक अडचण येणार. रेझिन हीर आणि पाचटावरून केशाकर्षणानं वर चढतं आणि प्रत्येक कांडीभोवती चकचकीत मोजा दिसतो. त्यावर उपाय आहे : रेझिन घट्ट होत आलं की मग ओता, आणि सुकल्यावर कांडीवरची चमक मॅट व्हार्निशनं मारा.

आणि पाट लेव्हलमध्ये ठेवा. गाडा तिरका असू शकतो, बांध तिरका असू शकतो, पाणी नाही. चरांतलं पाणी आणि शेतातलं पाणी जोडलेलं असेल तर पातळी एकच हवी.

इतिहासवेडा

सगळं वाचलं, कामाला तोड नाही. पण माझी एक तक्रार आहे. असल उत्तर म्हटलं की पहिलं नाव अब्दुल हमीद यांचं. ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, जीपवर १०६ मिमीची रिकॉइललेस (उडताना मागे धक्का न देणारी) तोफ, चीमा गावाजवळ उसाच्या आडून एकेक पॅटन टिपत गेले आणि १० सप्टेंबरला तिथेच पडले. मरणोत्तर परमवीर चक्र. त्यांच्याशिवाय असल उत्तर करायचं म्हणजे काय?

आणि मराठी वाचकांसाठी दुसरं नाव : डेक्कन हॉर्सचं नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, आपल्या अलिबागचे. याच लढाईसाठी महावीर चक्र, १९७१ ला पुन्हा एकदा, आणि पुढे लष्करप्रमुख. त्यांचे शर्मन जुन्या महायुद्धातले होते आणि समोर पॅटन. हे पाटावर कुठे दिसणार? एक रिकामा, चिखलात फसलेला शत्रूचा गाडा बघून पोरांना यातलं काय कळेल?

चिखलरंग

@इतिहासवेडा, तुमची तळमळ समजते. नाव घेतलंत तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. पण जीप ठेवली की पाट अब्दुल हमीद यांचा होतो, आणि तो त्यांच्या तोलाचा व्हायला हवा : माणसासह, त्या क्षणासह, लढाईच्या मध्यात. कोपऱ्यात रिकामी जीप ठेवून त्यांना उरकून टाकणं मला पटत नाही. तो वेगळा डायोरामा आहे आणि तो तुम्ही करावा, माझ्याकडची सगळी मापं देतो.

भारतीय बाजू मला गाड्यावरच दाखवायची आहे. टरेट सरळ पुढे नसेल, डावीकडे वळलेला असेल, कारण मार बाजूनं आला. त्या बाजूच्या हलवर गोळ्याचा एक ओरखडा, आत न शिरलेला. एम-४७ ची पुढची बाजू जाड, बाजू पातळ. शर्मन आणि सेंच्युरियननी वाट बघितली ती याच बाजूची. बघणाऱ्यानं टरेटच्या रोखानं नजर नेली की ती उभ्या उसावर जाऊन थांबते. तिथे काही नाही. डेक्कन हॉर्सबद्दल मला हेच सांगायचं आहे : समोरच्याला ते दिसले नाहीत.

माणसं गेली त्याची वाटही तीच सांगेल. मार डावीकडून, म्हणून ती उजवीकडून उतरली. फेंडरवर (ट्रॅकवरच्या पत्र्यावर) चिखलाचे पंजे, खाली पाण्यात मोडलेला काठ, तिथून उसात शिरलेली माणसाच्या रुंदीची एकच वाट. पहिला चालला त्यानं ऊस बाजूला केला, मागच्यांनी तो पाडला.

सांजवात

मी मॉडेल करत नाही, या सदरात वाचायला येते. एक विचारू का? लढाईनंतरचं रण आणि त्यात एकही मेलेला माणूस नाही, हे खोटं नाही का? माझ्या घरात १९७१ चा एक फोटो भिंतीवर आहे. त्यामुळे रिकामं, स्वच्छ रण बघवत नाही.

ओव्हरहॉल

@सांजवात, ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी माझ्यापुरतं सांगतो. मेलेला सैनिक दोन इंचांचा करून, त्याला रंग देऊन, प्रदर्शनात लोकांनी वाकून बघायला ठेवायचा, हे माझ्याच्यानं होत नाही. तो समोरच्या फौजेतला असला तरी नाही. कोणीतरी त्याची वाट बघत होतं.

चिखलरंग

@सांजवात, मी गाडा मुद्दाम असा निवडला की ज्यातली माणसं जिवंत उतरली. हल फुटलेलं नाही, आग लागलेली नाही. तिथे मृतदेह नसणं खरं आहे. त्याच शेतात शंभर पावलांवर परिस्थिती वेगळी होती, हे मला मान्य आहे, आणि १४ मीटरच्या पाटात ते मावत नाही. पण ‘स्वच्छ’ हा तुमचा शब्द लागला, आणि लागायलाच हवा होता. काही गोष्टी वाढवतोय : टरेटवर वायरीसह लोंबणारा हेडसेट, इंजिन डेकवर उघडी प्रथमोपचाराची पिशवी आणि सुटलेलं बँडेज. कोणीतरी जखमी होता, त्याला धरून नेला. त्या वाटेवरच्या ठशांत एका जोडीचा एक पाय घासत गेलेला दाखवीन.

सांजवात

हे पटलं. धन्यवाद.

पुठ्ठा_कात्री

तोफगोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या किती टाकू? माझ्या किटमध्ये मूठभर आल्यात.

ओव्हरहॉल

जमिनीवर ढीग नको. ९० मिमीची पुंगळी ६० सेंमी लांब असते, तुमच्या मापात १७ मिमी. गाडा रुतून बसल्यावर उडवल्या असतील तर हॅचमधून बाहेर टाकलेल्या दोन-तीन, त्याही पाण्यात अर्ध्या बुडालेल्या. ताज्या पितळेचा रंग, तोंडाशी काजळी. हिरवट डाग नकोत, एका रात्रीत पितळ हिरवं होत नाही.

रंगछटा

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये पकडलेला पॅटन आहे, शर्मन-सेंच्युरियनही आहेत. कोणी जाणार असेल तर वेल्डिंगच्या रेषा, ओतीव पोलादाचा खरखरीतपणा आणि ट्रॅकच्या कड्या जवळून बघा. रंग मात्र तिथला घेऊ नका, प्रदर्शनासाठी पुन्हा-पुन्हा दिलेला असतो. ओतीव टरेटचा पोत किटमध्ये फार गुळगुळीत असतो. पातळ केलेली पुट्टी आखूड केसांच्या ब्रशनं टोचत लावा आणि सुकल्यावर हलका सँडपेपर फिरवा.

इतिहासवेडा

@चिखलरंग, तुमचं उत्तर वाचून थांबलो. टरेटच्या रोखाची कल्पना मान्य. जीपचा डायोरामा मी घेतो. १०६ मिमीच्या तोफेचं किट आणि जीप वेगवेगळी घ्यावी लागेल असं दिसतंय. तोफ उडाली की मागे धुळीचा मोठा लोट उठतो आणि जागा उघडी पडते, म्हणून एक गोळा टाकून लगेच जागा बदलायची. ते चालू जीपच्या चाकांच्या खुणांतून दाखवता येईल का, यावर वेगळा धागा काढतो.

चिखलरंग

@इतिहासवेडा, जरूर काढा, मी आहेच.

फोम कोरून झालाय, चर १४ मिमी घेतले. गाडा डावीकडे झुकवला. हीर कापायला बसलोय. आता एकच अडलंय : शेताच्या कडेला बांध आणि पाण्याचा पाट घ्यायचाय, म्हणजे पाणी कुठून आलं ते दिसेल. बांधाची रुंदी-उंची किती ठेवू? आणि त्यावर काय उगवलेलं असेल?

फडावरची

चालायचा बांध असेल तर माथा दीड-दोन फूट रुंद, उंची फूट-सव्वा फूट. तुमच्याकडे माथा १३ ते १७ मिमी, उंची ९-१० मिमी. पाण्याचा पाट त्याच्या आतल्या बाजूला, तळ अरुंद आणि तोंड रुंद. पावसाळा संपतोय, तेव्हा बांधावर गवत दाट हवं, मधली पायवाट तेवढी तुडवून उघडी. पाणी मुद्दाम फोडून सोडलंय म्हणालात, तर बांधाला एक खांड (फोडलेली मोकळी जागा) दाखवा. फावड्यानं काढलेलं दार सरळ कापलेलं असतं. पाण्याच्या जोरानं फुटलेलं खांड मात्र ओघळलेलं, आणि त्याच्या तोंडाशी शेतात गाळाचा पंखा पसरतो. तो गाळ बाकी मातीपेक्षा फिकट आणि मऊ ठेवा. खांडाजवळचा ऊस प्रवाहाच्या दिशेनं झुकलेला हवा, गाड्यानं पाडलेल्या उसाच्या दिशेनं नाही.